नमुना क्रमांक सतरा

पिशवीवर मी लिहिते: पालक, १७, नाल्याकाठ.
तारीख. वेळ, सकाळचे सात दहा.
येनूबाई मोहुर्ले बांधावर उभी राहून बघते.
"पाचच पानं? चांगली घे ना वो,
मधातली घे, कोवळी."

जून हवीत, मावशी.
जून पानांत साठा जास्त असतो,
हे मी बोलत नाही.

नाल्यापलीकडे राखेचा बंधारा.
फाल्गुनात वारा सुटला की
वाळत घातलेल्या लुगड्यावर, सांभारावर,
म्हशीच्या पापण्यांवर
पिठासारखी राख बसते,
आणि येनूबाई म्हणते, "आले पाहुणे."
वीज समोरच बनते.
तिच्या मोटारीला ती रात्री दोनला येते.
तेव्हा ती उठते, बॅटरी घेऊन,
आणि नाल्याचं पाणी वाफ्यात सोडते.

प्रयोगशाळेत पानं दोन दिवस वाळतात.
मग खल, मग आम्ल, मग पिवळा धूर,
मग एक थेंब ज्वालेत,
आणि यंत्र चिटोऱ्याएवढ्या कागदावर सांगतं
शिसं इतकं, कॅडमियम इतकं.
यंत्राचा आवाज चढत नाही.

दुसऱ्या नळीत मी वेगळं शोधते.
झाडाला त्रास झाला की ते प्रोलिन बनवतं.
निनहायड्रिन घाला, उकळत्या पाण्यात ठेवा, थांबा:
जितका त्रास, तितका लाल.
बोअरच्या पाण्यावरच्या पालकाचा रंग
धुऊन राहिलेल्या कुंकवाच्या डागाएवढा.
सतराचा, कापलेलं बीट.
चाळीस दिवसांचं सगळं आयुष्य,
त्यात एवढं.

पळता येत नाही.
मुळं रोवलेली, आणि तहान तर नाल्याचीच.
मग पान घरातल्या घरात सोय लावतं.
गंधकाच्या बारीक साखळ्या विणतं,
विषाचा एकेक कण त्यात धरून
आतल्या खोलीत नेतं
आणि बाहेरून कडी घालतं.
बाकी घरात दिवा, चूल, हिरवा रंग,
सगळं चालू.

पुस्तकात याला सहनशीलता म्हणतात.
पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बरं वाटलं होतं.
मग लक्षात आलं,
ती खोली
आपण कडीसकट खातो.

भेदरं तरी बरीचशी मुळातच अडवतात,
फळापर्यंत थोडंच जाऊ देतात.
पालकाला फळ कुठलं?
त्याचं सगळं घरच पान.
काठाची दोन-चार पिवळी पडतात,
ती येनूबाई खुडून शेळीला टाकते.
उरलेला मंगळवारच्या बाजारात सगळ्यांच्या आधी संपतो.

अहवाल घेऊन गेले तेव्हा
ती अंबाडीच्या सुतळीनं जुड्या बांधत होती.
"काय निघालं वो पोरी?"
मी आकडे सांगितले. मग आकडे सोडून सांगितलं.
म्हटलं, हे पाणी पालेभाजीला नको. झेंडू लावा इथं.
"झेंडू खाते का कोणी?"
हसली नाही. दातांनी सुतळी तोडली.
बराच वेळ वाफ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली,
"पण माया पालक कधी मेला नाही ना वो.
पाय ना, कसा उभा हाय."

हो, मावशी.
तेच तर निघालं.

निघताना तिनं दोन जुड्या
स्कूटीच्या हँडलला अडकवल्या. पैसे घेतले नाहीत.
वाटभर त्या माझ्या गुडघ्याला लागत होत्या, गार.

घरी आईनं लगेच निवडायला घेतल्या असत्या.
रस्त्यात फेकायला हात होईना,
रात्री दोनची बॅटरी दिसत होती त्यांच्यात.
शेवटी प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये ठेवल्या,
नमुन्यांच्या खालच्या कप्प्यात,
आकडा न घालता.

सोमवारी दार उघडलं.
पानं अजून ताठ होती.